फोन फोडू नका

ते गृहस्थ ठाण्यात आले तेव्हा त्यांच्या हातात किराणा दुकानाची कापडी पिशवी होती. अंमलदाराने माझ्याकडे पाठवलं. समोर बसले नाहीत. पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली, त्यातून काचेचा चुरा पडला, मागोमाग वाकलेला फोन, आणि एक लहानसं सिमकार्ड घरंगळत माझ्या डायरीखाली गेलं.

"वरवंट्यानं फोडला," ते म्हणाले. "कळल्या मिनिटाला फोडला. आता ते सगळं गेलं ना, मॅडम?"

फोन त्यांच्या मुलीचा होता. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. साल २०२१. शाळा बंद, वर्ग फोनवर, आणि ज्या घरांत आधी बापाच्या खिशातला एकच मोबाइल होता तिथे पोरांसाठी हप्त्यावर दुसरा आलेला. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत आमच्याकडे ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशा हप्त्याच्या फोनपासूनच होती.

मी १९८९ साली शिपाई म्हणून भरती झाले आणि २०२५ मध्ये सहायक पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. शेवटची सात वर्षं सायबरच्या टेबलावर गेली. मला कॉम्प्युटर फार कळायचा म्हणून तिथे बसवलं होतं, असं काही नाही. महिला अधिकारी हवी होती आणि गुडघ्यामुळे बंदोबस्ताला माझा उपयोग नव्हता. पण तिथे बसून जे शिकले ते आता लिहून ठेवावंसं वाटतं, कारण मुलांच्या ऑनलाइन शोषणावर जे लिहिलं-बोललं जातं त्यात एक तर नुसती कलमं असतात, नाही तर "मुलांना मोबाइल देऊ नका" हा उपदेश. मधला भाग, म्हणजे तक्रार आल्यावर नेमकं काय होतं आणि कुठे घोडं अडतं, तो कुणी सांगत नाही. माझा अनुभव विचाराल तर अशी केस कोर्टात जिंकायची की हरायची हे पहिल्या संध्याकाळीच बरंचसं ठरतं, आणि ती संध्याकाळ पोलिसांच्या हातात नसते. घरच्यांच्या हातात असते.

त्या वडिलांना मी पाणी दिलं. फोन फोडल्याने "ते" जात नाही, हे त्यांना सांगायला मला जरा वेळ लागला. फोटो मुलीच्या फोनमध्ये होते तसे त्या माणसाच्याही फोनमध्ये होते. इथे फुटला तो फक्त आमचा पुरावा.

झालं होतं ते असं. एका गेमच्या चॅटमध्ये "मीही नववीत आहे" म्हणत एक मुलगी भेटली. महिनाभर अभ्यास, मैत्रिणी, घरच्यांची बोलणी. मग गेम सोडून फोटोंच्या एका ॲपवर गप्पा. मग "तुझा हा ड्रेस दाखव" आणि तिथून पायरीपायरीने पुढे. एक दिवस त्या मैत्रिणीचा सूर बदलला: आणखी पाठव, नाहीतर तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकते. अडीच महिन्यांत मुलीने दोनदा खातं बंद करून पाहिलं. दोन्ही वेळा धमकी चुलत बहिणीच्या खात्यावर आली, म्हणून तिने स्वतःच पुन्हा चालू केलं. ती दार आतून बंद करून बसायची याचा राग घरात सगळ्यांना होता. ती का बसते हे कुणी विचारलं नव्हतं.

आता कायदा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पोक्सो, हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो की मुलगी. हे मुद्दाम सांगते, कारण मुलाचे आईवडील ठाण्यात येताना "हा कायदा मुलींचाच ना?" असं विचारतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना अनोळखी "मुलगी" व्हिडिओ कॉल करते, रेकॉर्डिंग होतं आणि पाच मिनिटांत पैशांची मागणी येते. मुलगे घरात बोलत नाहीत, आईच्या खात्यातून गुपचूप पाठवत राहतात.

या कायद्याचं अकरावं कलम मला नेहमी आश्चर्यकारक वाटत आलंय. इलेक्ट्रॉनिक साधनाने मुलाचा सतत पाठलाग करणं, त्याच्याशी वारंवार संपर्क साधणं हे त्यात आहे. आणि मुलाच्या शरीराचं खरं "किंवा बनावट" चित्र माध्यमांत टाकण्याची धमकी देणं, हेही आहे. बनावट! २०१२ साली हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आजचे चेहरे चिकटवणारे एआय ॲप नक्कीच नसणार, पण शब्द असा पडला की आज एखाद्या पोराने वर्गातल्या मुलीचा शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो घेऊन त्याचं काही भलतंच केलं आणि धमकावलं, तर "तो फोटो खरा नव्हताच" हा बचाव चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने संगणकावर तयार केलेली, खऱ्या मुलापासून वेगळी ओळखता न येणारी चित्रंही व्याख्येत घेतली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६७-ब आहे. त्यात अशी सामग्री तयार करणं, पसरवणं, शोधणं, उतरवून घेणं आहेच, शिवाय मुलाला फूस लावून ऑनलाइन संबंधात ओढणं हाही गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड.

म्हणजे कलमं कमी नाहीत. कायदा अपुरा आहे म्हणून आरोपी सुटला, असं मला माझ्या टेबलावरच्या एकाही केसबद्दल म्हणता येणार नाही.

एक बदल मात्र उशिरा झाला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. चेन्नईतल्या एका तरुणाच्या फोनमध्ये मुलांच्या अशा फिती सापडल्या होत्या. नुसतं उतरवून घेणं आणि खासगीत पाहणं हा गुन्हा नाही, असं म्हणत मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याच्यावरची कारवाई रद्द केली. ठाण्यांमध्ये तेव्हा मोठा गोंधळ उडाला, कारण आमच्याकडचे निम्मे गुन्हे त्याच धर्तीचे होते. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पुढे पाठवण्याच्या किंवा दाखवण्याच्या इराद्याने जवळ ठेवणं हाही गुन्हाच, आणि ती पुसून टाकली नाही, कळवली नाही यावरून तो इरादा ताडता येतो, असं सांगितलं. त्याच निकालात न्यायमूर्ती पारडीवाला यांनी "चाइल्ड पोर्नोग्राफी" हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये असं लिहिलं. त्याऐवजी बालकांच्या लैंगिक शोषणाची आणि अत्याचाराची सामग्री म्हणा. आमच्या जुन्या फिर्यादी काढून बघा: "पीडितेची अश्लील छायाचित्रे" असंच लिहिलेलं सापडेल. मीही लिहिलंय. चौदा वर्षांच्या पोरीपुढे बसून "अश्लील" हा शब्द वाचून दाखवताना तिची मान आणखी खाली जायची, आणि मला वाटायचं ती रडू आवरतेय म्हणून. तो शब्द तिला आपल्यावरचाच आरोप वाटत असणार, हे मला सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल वाचून कळलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे किती शब्द वापरले असतील कोण जाणे.

त्या वडिलांकडे परत येते. फोन गेला, मग उरलं काय? मुलीची आठवण. समोरच्या खात्याचं नाव तिने सांगितलं, पण त्यात मधे आडवी रेघ एक होती की दोन, हे तिला आठवेना. तुम्हाला ही बारीक गोष्ट वाटेल. आम्ही कंपनीला नोटीस पाठवली एका रेघेची, उत्तर आलं, असं खातं नाही. दोन रेघांची पाठवली, तेच उत्तर. त्या माणसाने मधल्या काळात नाव बदललं होतं. फोन असता तर खात्याची लिंक, गप्पांच्या वेळा, धमकीचा शब्दन् शब्द, सगळं पंधरा मिनिटांत पंचनाम्यात आलं असतं. तसं झालं नाही आणि दोन महिने नुसते पत्रव्यवहारात गेले. शेवटी मुलीच्या मैत्रिणीच्या फोनमध्ये एक जुना स्क्रीनशॉट निघाला. "ही बघ माझी नवी मैत्रीण" असं लिहून तिने पाठवलेला. त्यावर ते जुनं नाव होतं. रेघ एकच होती, पण शेवटी एक शून्य होतं.

कंपनीकडून उत्तर येतं ते असं: अमुक खातं अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक आयपी पत्त्यावरून उघडलं गेलं. आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता, असं सगळ्यांना वाटतं. सिनेमात तसंच दाखवतात, कळ दाबली की नकाशावर लाल ठिपका. खरं म्हणजे आपल्याकडच्या मोबाइल इंटरनेटमध्ये तो चाळीचा पत्ता असतो. एकाच वेळी शेकडो गिऱ्हाइकं त्या एका पत्त्यावर असतात. खोली नंबर कळायला दोन गोष्टी लागतात: पोर्ट नंबर आणि सेकंदासकट अचूक वेळ. त्या दोन गोष्टी घेऊन दूरसंचार कंपनीकडे गेलं की ती तिच्या नोंदी पाहून सिम कुणाच्या नावावर आहे ते सांगते. या नोंदी कंपन्यांनी दोन वर्षं ठेवायच्या असतात. म्हणजे तक्रारीला उशीर झाला तर एक दिवस हा रस्ताही बंद होतो.

आणि इथे माझी चूक झाली. ती कुणी विचारली नाही, कुठे नोंदली गेली नाही, पण सांगते.

परदेशी कंपनीच्या नोंदीत वेळ होती १७:०२. मी दूरसंचार कंपनीला तीच कळवली, संध्याकाळचे पाच वाजून दोन मिनिटं. उत्तरात एक नाव आलं. शेजारच्या तालुक्यातला एक दुकानदार. आम्ही चौघं गेलो, साध्या कपड्यांत, पण गाडीवर पोलिसांची पाटी होती. बाई पोळ्या लाटत होती. तिच्या देखत नवऱ्याचा फोन काढून घेतला, घरातले तीन फोन, दुकानातला जुना डबा. तो माणूस "काय झालं, काय झालं" एवढंच विचारत होता आणि मी सांगत नव्हते, कारण सांगायचं नसतं. फोनमध्ये काही निघालं नाही. तीन आठवडे मी त्याच्यावर संशय धरून बसले, पुसलं असेल म्हणून.

मग एका रात्री मुलीचा जबाब पुन्हा वाचत होते. त्यात तिने म्हटलं होतं: "तिचे मेसेज नेहमी रात्री साडेदहानंतर यायचे, आईबाबा झोपल्यावर." साडेदहा. मी कंपनीचा कागद पुन्हा काढला. वेळेपुढे तीन बारीक अक्षरं होती, जागतिक प्रमाणवेळेची. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. १७:०२ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १०:३२. मी ज्याच्या दारात गेले होते तो संध्याकाळी पाच वाजता त्या "चाळीत" होता एवढाच त्याचा गुन्हा. नवी वेळ कळवली, नवं नाव आलं.

त्या दुकानदाराकडे मी नंतर एकटी गेले. त्याने चहा दिला. बायको बाहेर आली नाही. निघताना तो म्हणाला, गल्लीतली पोरं आता पेप्सीकोला घ्यायला येत नाहीत, त्यांच्या आया पाठवत नाहीत. मी ठाण्यात परतल्यावर नोटिशीच्या नमुन्यात लाल शाईने एक ओळ घातली, वेळ भारतीय की जागतिक ते लिहा. माझ्यानंतर तिथे बसणारेही तो नमुना वापरतात असं ऐकते.

आमच्या खात्यातली एक गंमतही सांगून टाकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७८ व्या कलमानुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. हेतू चांगला, की अनुभवी माणसाने करावा. पण ठाण्यात निरीक्षक किती? त्याच्याकडे गणपतीचा बंदोबस्त, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, खून. मग धावपळ उपनिरीक्षक बाईने करायची, डोळे फोडायचे ऑपरेटर पोराने, आणि कागदावर तपास मोठ्या साहेबांचा. साहेब वाचून सही करणारे असले तर ठीक. बचाव पक्षाचा वकील मात्र उलटतपासणीत त्यांनाच विचारतो, "पोर्ट नंबर म्हणजे काय?"

अमेरिकेतून येणाऱ्या चिठ्ठ्यांबद्दलही लोकांना फारसं माहीत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे तिथल्या कंपन्यांना आपल्या सेवेवर मुलांच्या शोषणाची सामग्री आढळली तर एनसीएमईसी या संस्थेला कळवावंच लागतं. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी १९८४ पासून काम करणारी ही संस्था. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने तिच्याशी एप्रिल २०१९ मध्ये करार केला. तेव्हापासून भारताशी संबंध दिसणारी माहिती दिल्लीला येते, तिथून राज्याला, आमच्याकडे महाराष्ट्र सायबरला, आणि तिथून जिल्ह्याला. आपल्या राज्यात "ऑपरेशन ब्लॅकफेस" या नावाने जी धरपकड झाली ती याच चिठ्ठ्यांवरून. २०२३ साली त्या संस्थेकडे जगभरातून ३ कोटी ६० लाखांहून अधिक सूचना गेल्या, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा भारताशी जोडलेल्यांचा होता. हा आकडा वाचून घाबरायला होतं, पण त्यात एकच फीत हजार जणांनी पुढे ढकलली तर हजार चिठ्ठ्या होतात.

कंपन्यांना ती फीत ओळखता येते ती ठशांमुळे. आमच्या बोटांच्या ठशांसारखंच आहे. एकदा एखादं चित्र तपासून नोंदलं की गणिताने त्याचा एक आकडी ठसा काढतात, आणि मग तेच चित्र कुठेही चढवलं की ठसा जुळतो, कुणी माणसाने ते पुन्हा बघावं लागत नाही. २००९ साली मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी केलेलं फोटोडीएनए हे त्यातलं सर्वांत माहितीतलं. याच युक्तीवर "टेक इट डाउन" नावाची फुकट सेवा चालते, तीही एनसीएमईसीचीच. मूल किंवा पालक स्वतःच्या फोनवरच त्या फोटोचा ठसा काढतात. फोटो फोनबाहेर जात नाही, नुसता ठसा जातो आणि सहभागी कंपन्या तो जुळला की फोटो काढतात. संदेश कुलूपबंद जातात अशा ॲपवर मात्र याचा उपयोग होत नाही. मी कितीतरी आयांना हे शेजारी बसून करायला लावलंय. त्यासाठी फोटो हाताशी असावा लागतो. फोन फुटलेला नसावा लागतो.

फीत पुढे ढकलणाऱ्यांत सगळे विकृत नसतात, हे मला चिठ्ठ्यांच्या मागे फिरताना कळलं. एकदा आम्ही ज्याच्या दारात गेलो ते एका पतसंस्थेचे निवृत्त व्यवस्थापक निघाले. त्यांनी एका मुलावरच्या अत्याचाराची फीत चार ग्रुपांवर टाकली होती, खाली लिहिलं होतं, "या नराधमाला शोधा, जास्तीत जास्त शेअर करा." त्यांना आपण समाजसेवा केली असं वाटत होतं. कायद्याने ते पसरवणंच आहे. आणि त्या मुलाचा चेहरा चारशे घरांत गेला. अशी फीत आली तर पुढे न पाठवता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवता येते, नाव न देताही. हे पोर्टल २०१८ साली सुरू झालं ते मुळात याच कामासाठी, सर्वोच्च न्यायालयात प्रज्वला संस्थेच्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणातून. पैशांची फसवणूक आणि बाकीचे गुन्हे त्यावर नंतर आले. पैसे गेले असतील तर १९३० ला फोन करायचा. मुलाला आत्ता मदत हवी असेल तर १०९८.

ठाण्यात गेल्यावर "हे सायबरचं आहे, तिकडे जा" असं ऐकावं लागतं, हे मला ठाऊक आहे. आमचीच माणसं आहेत. पण फिर्याद कुठल्याही ठाण्याने घ्यायची आहे, हद्द नंतर बघायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात हे आता स्पष्टच आहे. उलट पालकही अर्ध्यावरून परत जायला बघतात. "तक्रार नको मॅडम, नुसते फोटो काढून टाका, पुढं पोरीचं लग्न व्हायचंय." मी त्यांना सांगायचे की माझ्या कानावर आलं म्हणजे मला नोंदवावंच लागेल. पोक्सोच्या १९ व्या कलमाने हे बंधन माझ्यावरच नाही, शाळेच्या मुख्याध्यापकांवर, डॉक्टरांवर, शेजाऱ्यावरही आहे. न कळवलं तर शिक्षा आहे. मुलाचं नाव, शाळा, घर काहीही छापता येत नाही, हे ऐकल्यावर बरेच जण खुर्चीत नीट टेकून बसायचे. कळवण्याच्या या सक्तीची एक दुसरी बाजू आहे. सतरा वर्षांच्या दोघांनी एकमेकांना काही पाठवलं आणि शिक्षिकेला कळलं, तर तिथेही हेच कलम धावून येतं. मला ते पटत नाही. पण मी नोंदवले आहेत असे गुन्हे.

मुलीचा जबाब मी तिच्या घरी घेतला. कायद्यात तसं आहे: मुलाला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. माझ्या कपाटात यासाठी एक फिकट निळा सलवार-कमीज कायम इस्त्री करून असायचा. गुन्हे वाढले तसा तो विटला, मग दुसरा आणला. त्या दिवशी तिच्या आईने खाटेवर चादर बदलली होती, जणू पाहुणे येणार आहेत. दीड तास मुलगी बोलली, मधे आईला बाहेर जायला सांगितलं. शेवटी मी कागद आवरत होते तेव्हा तिने विचारलं, "मावशी, ते सापडले की तुम्ही बघणार का?"

हो म्हणावं लागणार होतं. जप्त सामग्रीचा पंचनामा डोळे मिटून होत नाही. मी म्हटलं, "मी एकटीच बघीन. एकदाच." पंच म्हणून मी मुद्दाम दोन बायका घेतल्या आणि पडद्यावर फायलींची यादी आणि ठसे दाखवले, चित्रं मी एकटीने तपासली. कोर्टात वकिलाने यावरून मला पाऊण तास धारेवर धरलं.

सापडला तो एकवीस वर्षांचा, आयटीआय सोडलेला, मामाकडे राहणारा. नववीतल्या "मुलीचा" आवाज काढण्यासाठी त्याच्या फोनमध्ये वेगळं ॲप होतं. त्याचा फोन शाबूत मिळाला, म्हणून केस उभी राहिली. जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र, जे आता नव्या साक्ष अधिनियमात ६३ झालंय आणि ज्यात फाइलचा ठसा आणि तज्ज्ञाची सही दोन्ही लागतात, ते आम्ही नीट जोडलं होतं. खटला वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो, आम्हाला अडीच वर्षं लागली. मुलीची साक्ष पडद्याआडून झाली. वकिलाचे प्रश्न न्यायाधीश बाई स्वतः साध्या मराठीत विचारत होत्या, मधे दोनदा थांबल्या. शिक्षा झाली.

मुद्देमालात त्या फुटक्या फोनचाही खाकी पुडका होता, लाखेच्या सीलने बंद केलेला. सुनावणीत तो उघडला तेव्हा काच पुन्हा टेबलावर सांडली आणि शिरस्तेदाराने ती वहीच्या पुठ्ठ्याने गोळा केली. बाहेर व्हरांड्यात मुलीचे वडील माझ्याजवळ आले. अडीच वर्षांत ते बरेच वाळले होते.

"मॅडम, मी तो फोडला नसता तर?"

"लवकर सापडला असता," मी म्हटलं. "चार महिने तरी."

त्यांनी मान हलवली आणि पाणी प्यायला गेले. त्या चार महिन्यांतले तीन आठवडे माझे होते, ते मी त्यांना सांगितलं नाही. आरोपीच्या फोनमध्ये आणखी तीन मुलींच्या नावाचे फोल्डर होते. तिसऱ्यावरची तारीखही मी त्यांना सांगितली नाही.